मुद्देमालातला कांदा सडायच्या आत विकायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतच्या व्यापाऱ्याने हैदराबादला पाठवलेला 16 टन कांदा ट्रकचालकाने वाटेत दुसऱ्यालाच विकायचा घाट घातला. नाशिक जिल्ह्यात गुन्हा दाखल झाला, चौथ्या दिवशी ट्रक मालासह सोलापूर जिल्ह्यात सापडला, आणि आता तो तिथल्या ठाण्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभा आहे. पोलीस म्हणतात, कोर्टाचा आदेश आणा. त्यात हैदराबादच्या खरेदीदाराने अर्धी रक्कम आगाऊ दिलेली असल्याने तोही 'माल माझा' म्हणतो आहे. आता काय करावे?

पहिली गोष्ट: कांदा कोणाचा, हा वाद आज लढू नका. आज फक्त कांद्याचे पैसे करून घ्या आणि पुढचा वाद त्या पैशांवर चालू द्या. फौजदारी कोर्ट या टप्प्यावर मालकी ठरवत नाही, फक्त ताबा आणि जपणूक पाहते. म्हणून 'माल माझा आहे, मला द्या' एवढीच मागणी केली की खरेदीदार हरकत घेतो, दोन तारखा पडतात, आणि तिसऱ्या तारखेला भांडायला गोण्यांतून गळणारे पाणी उरते.

कायद्याचा आधार भक्कम आहे. गुन्हा 1 जुलै 2024 किंवा त्यानंतरचा असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे 497, 503 आणि 505 लागतात. ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली 451, 457 आणि 459. कलम 497 म्हणते की माल लवकर आणि आपोआप खराब होणारा असेल, किंवा विकणे अन्य कारणाने इष्ट असेल, तर कोर्ट आवश्यक वाटेल तेवढा पुरावा नोंदवून तो विकायचा आदेश देऊ शकते. जुन्या 451 मध्ये 'चौकशी किंवा खटला' असे शब्द होते. नव्या कलमात 'तपास'ही आला आहे, त्यामुळे दोषारोपपत्राची वाट पाहायची गरज नाही. कलम 503 हे पोलिसांनी जप्ती कळवली पण माल प्रत्यक्ष कोर्टापुढे आणला नाही अशा वेळचे आहे, आणि ट्रकभर कांदा कोर्टात कोणी आणत नाही. कलम 505 मध्ये विक्री मालकाच्या हिताची आहे असे न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत झाले तर विक्रीची मुभा आहे. न कुजणारा पण सांभाळायला महाग पडणारा माल याच वाटेने जातो. अर्जाच्या मथळ्यात तिन्ही कलमे लिहा, म्हणजे कलम चुकल्याचा आक्षेप येत नाही.

नव्या 497 मध्ये आणखी एक सोय आहे आणि तिच्यातच एक अडचणही लपली आहे. माल सादर झाल्यापासून 14 दिवसांत कोर्टाने त्याचे वर्णनपत्र करायचे, छायाचित्रे आणि गरजेप्रमाणे व्हिडिओ काढून घ्यायचा, आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. हे वर्णनपत्र आणि छायाचित्रे पुढे पुरावा म्हणून चालतात. अडचण अशी की काही ठिकाणी या 14 आणि 30 दिवसांकडे 'तेवढे दिवस आहेत' अशा नजरेने पाहिले जाते. ती कमाल मुदत आहे. नाशवंत मालाच्या विक्रीचा अधिकार त्याच कलमाच्या पहिल्या पोटकलमात स्वतंत्रपणे दिलेला आहे आणि वर्णनपत्र पहिल्याच दिवशी होऊ शकते. हे अर्जात एका वाक्यात लिहाच.

सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या 2002 च्या निकालात सांगितले आहे की मुद्देमाल ठाण्यात 15 दिवस ते महिना याहून जास्त पडून राहू नये. सविस्तर पंचनामा करावा, छायाचित्रे काढून त्यांवर फिर्यादी, आरोपी आणि ताबा घेणारा यांच्या सह्या घ्याव्यात, आणि माल मोकळा करावा. अर्जासोबत या निकालाची प्रत जोडा.

आता प्रत्यक्ष काम. अर्ज लिहायला बसण्याआधी एक माणूस ट्रकपाशी पाठवा. ताडपत्रीखालचा कांदा श्वसनामुळे तापतो, वाफ गोणीतच कोंडते आणि खालच्या थरापासून सड धरते. उन्हाळ कांदा हवेशीर कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो, पण तोच बंद ट्रकमध्ये काही दिवसांत ओला पडतो. लाल कांद्याला तर मुळातच टिकाऊपणा कमी. तपासी अंमलदारांना लेखी विनंती करून दोन पंचांसमोर ताडपत्री सैल करून घ्या, ट्रक सावलीत लावा, आणि त्याचा छोटा पंचनामा करून घ्या. पंचनाम्याशिवाय ताडपत्रीला हात लावू नका. पुढे वजन कमी भरले की पहिले बोट तुमच्याकडे वळते.

मग वजन. जप्ती पंचनाम्यात बहुतेक वेळा 'अंदाजे 16 टन कांदा' एवढेच असते, आणि सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडणारा शब्द म्हणजे हा 'अंदाजे'. ट्रक भरलेला असतानाच जवळच्या भुईकाट्यावर न्यायला लावा, काट्याच्या पावतीच्या मागे पंचांच्या आणि पोलिसांच्या सह्या घ्या. रिकाम्या ट्रकचे वजन माल उतरल्यावर घेता येते. माल भरतानाची काटापावती तुमच्याकडे असेलच. दोन पावत्यांतला फरक म्हणजे वाटेतली घट किंवा चोरी, आणि तो फिर्यादीच्या तपासालाही लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सडीचा पुरावा. कोर्टाला 'कांदा सडतो' हे माहीत असते, पण आदेशासाठी कागद लागतो. 320 गोण्यांपैकी 10 गोण्या वेगवेगळ्या थरांतून काढा: वरच्या, मधल्या, तळाच्या आणि कडेच्या. प्रत्येक गोणी ओतून चांगला, कोंब आलेला आणि सडलेला असे तीन ढीग करा, प्रत्येक ढीग तोला आणि पंचनाम्यात आकडे लिहा. बाजार समितीच्या सचिवांचे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांचे दोन ओळींचे पत्र मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी या आकड्यांवर काम भागते. नव्या संहितेच्या कलम 105 प्रमाणे जप्तीचे दृकश्राव्य चित्रण झालेले असते, पण ते जप्तीच्या दिवसाचे. आजच्या मालाचे वेगळे काढा, आणि काढणाऱ्याकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र त्याच दिवशी सही करून घ्या. वर्षभराने तो माणूस शोधावा लागतो.

अर्ज ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जप्ती कळवली गेली त्यांच्याकडे. तुमच्या प्रकरणात गुन्हा नाशिक जिल्ह्यातला असून जप्ती त्याच गुन्ह्याच्या तपासी अंमलदाराने केली असेल, तर अर्ज नाशिक जिल्ह्यातल्या त्या कोर्टात, माल सोलापुरात असला तरी. मात्र सोलापूरच्या पोलिसांनी स्वतःहून संशयावरून पकडला असेल तर जप्तीचा अहवाल तिथल्या कोर्टात गेलेला असतो. आधी हे ठाण्यात विचारून खात्री करा. चुकीच्या कोर्टातला अर्ज म्हणजे तीन-चार दिवसांचे नुकसान. शनिवार-रविवार आला तर रिमांडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तातडीची पुरसीस (कोर्टाला द्यायचे लेखी निवेदन) देऊन अर्ज ठेवता येतो.

माल नाशिकला परत आणून विकायचा मोह टाळा. भाडे वाढते, दोन दिवस जातात, आणि उचल-आपट झाली की सड दुप्पट वेगाने वाढते. शिवाय नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचा लिलाव बहुतेक खुल्या गाडीचा होतो; गोणीतला माल सोलापूर, पुणे या बाजारांत सहज उतरतो. ट्रक सोलापुरात आहे हे तुमच्या दृष्टीने चांगलेच झाले.

अर्जात मागण्या उतरत्या क्रमाने लिहा. पहिली: माल सुपूर्तनाम्यावर (हमी लिहून घेऊन तात्पुरत्या ताब्यात) अर्जदाराला द्यावा आणि तो विकायची मुभा असावी, विक्रीची रक्कम कोर्टात जमा करण्याच्या अटीवर. ही सर्वांत जलद, कारण विकायची हातोटी तुमच्याकडे आहे, पोलिसांकडे नाही. दुसरी, पर्यायी: कोणाच्याही मालकीचा निर्णय न करता माल बाजार समितीत लिलावाने विकावा. 'पर्यायी' हा शब्द सुटला आणि पहिली मागणी हरकतीमुळे नाकारली गेली, तर कोर्ट दुसरी स्वतःहून देईलच असे नाही. नवा अर्ज, नवा से (म्हणजे समोरच्याचे लेखी म्हणणे), नवी तारीख.

लिलावाच्या मागणीचा मजकूर साधारण असा असावा: 'मुद्देमालातील कांदा, भुईकाट्याच्या वजनाप्रमाणे, सोलापूर बाजार समितीच्या आवारात आदेशापासून 48 तासांच्या आत, समितीच्या नेहमीच्या जाहीर लिलावात, तपासी अंमलदार किंवा त्यांनी नेमलेला अंमलदार आणि दोन पंच यांच्या समक्ष विकावा. लिलावात येणारी सर्वोच्च बोली स्वीकारावी. हमाली, तोलाई, निवड आणि वाहतूक यांचा पावतीप्रमाणे खर्च वजा करून निव्वळ रक्कम विक्रीपासून 3 दिवसांत या कोर्टात जमा करावी. हिशोबपट्टीवर गुन्हा क्रमांक नमूद करावा. रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, आपोआप नूतनीकरणाच्या सूचनेसह ठेवावी. पूर्तता अहवाल 7 दिवसांत सादर करावा.'

यातला प्रत्येक तुकडा एखाद्या नेहमीच्या घोटाळ्यावर उपाय आहे. आदेशात फक्त 'लिलाव करावा' असेल तर ठाणे वरिष्ठांची परवानगी, जाहिरात आणि निविदा या मार्गाला लागते आणि पंधरवडा जातो. बाजार समितीतला रोजचा लिलाव हा स्वतःच जाहीर लिलाव आहे, त्याला वेगळी जाहिरात लागत नाही. किमान किंमत जप्तीच्या दिवसाच्या भावावर बांधली तर भाव उतरल्यावर बोलीच लागत नाही, म्हणून त्या दिवसाची सर्वोच्च बोली हाच निकष मागा. फार तर त्या दिवसाच्या समितीच्या सरासरी भावाची नोंद अहवालात यावी. खर्च वजा करायची मुभा आदेशात नसेल तर नाझर, म्हणजे कोर्टाची रोकड सांभाळणारे अधिकारी, पूर्ण रक्कम मागतात आणि हमाली कोणी द्यायची यावर वाद होतो. हिशोबपट्टी, म्हणजे आडत्याचा विक्रीच्या हिशोबाचा कागद, तुमच्या नावाने निघाली तर आडत्या सवयीने पैसे तुमच्या खात्यावर टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी खरेदीदाराचा वकील तुम्ही आदेश मोडल्याचा अर्ज देतो. मुदत ठेवीचा उल्लेख नसेल तर रक्कम कोर्टाच्या जमा खात्यात खटला संपेपर्यंत बिनव्याजी पडून राहते. इतक्या लहान ओळीने इतका फरक पडतो, आणि तरी ती ओळ सर्वांत जास्त वेळा विसरली जाते.

आरोपीची माणसे किंवा विक्रीशी संबंधित पोलीस कर्मचारी बोलीत नसावेत, हेही मागा. दिवाणी बजावणीत विक्रीशी संबंधित अधिकाऱ्याला बोली लावायला मनाई आहे; फौजदारी आदेशात तीच अट घालायला कोर्ट सहसा नाही म्हणत नाही.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, खरेदीची हिशोबपट्टी, विक्रीचे बिल, बिल्टी (मालवाहतुकीची पावती), भरतानाची काटापावती, आगाऊ रकमेची बँक नोंद, पंचनामे आणि छायाचित्रे. आगाऊ रक्कम लपवू नका. ती तुम्हीच सांगितलीत तर खरेदीदाराची हरकत विक्रीपर्यंत पोचत नाही, कारण तुम्ही पैसे मागतच नाही आहात. त्याच्या वकिलाशी आधीच बोलून 'विक्रीला हरकत नाही, रकमेवरचा हक्क राखून' अशी संयुक्त पुरसीस मिळवलीत तर आदेश त्याच दिवशी निघू शकतो. नुकसान दोघांचेही आहे, हे त्यालाही पटते.

प्रतिज्ञापत्रात एक साधा हिशोब द्या. समजा आजचा भाव क्विंटलला 1,400 रुपये, तर 160 क्विंटलचे 2,24,000. बारा दिवसांनी घट आणि सड मिळून चौथा हिस्सा गेला आणि उरलेला 120 क्विंटल माल 900 च्या हलक्या भावाने गेला, तर हाती 1,08,000. त्यातून ट्रकच्या खोळंब्याचे रोज 2,000 प्रमाणे 24,000 गेले की उरले 84,000. शब्दांत कितीही कळवळून लिहिले तरी या चार ओळींचे वजन जास्त पडते.

सर्वांत जास्त वेळ खातो तो पोलिसांचा से. कोर्ट अर्जावर 'सरकारी अभियोक्ता आणि तपासी अंमलदार यांचा से' असा शेरा मारते, आणि अंमलदार बंदोबस्तावर असतात. अर्ज दाखल करतानाच एक प्रत सहायक सरकारी अभियोक्त्यांना आणि एक ठाण्यात हाती द्या, पोच घ्या, आणि 'से आजच मागवावा' अशी विनंती अर्जातच करा. से मध्ये 'तपासासाठी माल हवा' असे छापील वाक्य येते. त्याला उत्तर: कोर्टाचे वर्णनपत्र आणि छायाचित्रे पुरावा म्हणून चालतात, असे कलम 497 स्वतः म्हणते, सडलेला कांदा कोणालाही ओळखता येणार नाही. आदेश झाला की सही-शिक्क्याची नक्कल तातडीने मागा आणि कोर्टाकडून ठाण्याला जाणारे पत्र स्वतः घेऊन जायची परवानगी घ्या. टपालाने गेलेला आदेश आणि कांदा यांच्यात टपालच हरते.

ट्रकसाठी मालकाचा वेगळा अर्ज हवा. दोन्ही एकत्र केले की वित्त कंपनी, विमा, चालकाचा जामीन असे सगळे प्रश्न कांद्याच्या गळ्यात पडतात. फक्त एवढे जुळवा की माल उतरवायच्या आधी ट्रक सुटू नये.

पोलीस स्वतः का विकत नाहीत? नव्या संहितेच्या कलम 106 मध्ये पोलीस अधीक्षकांच्या आदेशाने तत्काळ लिलावाची सोय आहे, पण माल नाशवंत हवा, हक्कदार अज्ञात किंवा गैरहजर हवा, आणि किंमत 500 रुपयांपेक्षा कमी हवी, तिन्ही एकदम. म्हणजे हातगाडीवरची भाजी. कलम 505 मधली मर्यादा नव्या संहितेत 10,000 झाली, इथली तशीच राहिली. मात्र त्याच कलम 106 खाली, माल कोर्टात नेणे सोयीचे नसेल किंवा ठेवायला जागा नसेल तर पोलीस बंधपत्रावर तो कोणाच्याही ताब्यात देऊ शकतात. आदेश येईपर्यंत गोण्या हवेशीर शेडमध्ये उतरवायला ही तरतूद पुरते. अंमलदारांना कलम दाखवा. बरेचदा ते नाही म्हणतात ते धास्तीपोटी.

इथे एक मोठा इशारा. माल जीवनावश्यक वस्तू अधिनियमाखाली जप्त झाला असेल, उदाहरणार्थ रेशनचा तांदूळ किंवा साठामर्यादेपेक्षा जास्त माल, तर वाट पूर्ण वेगळी. कलम 6अ खाली जिल्हाधिकारी विक्रीचा आदेश देतात: नियंत्रित भाव असेल तर त्या भावाने, नसेल तर जाहीर लिलावाने. कलम 6ई मुळे तिथे न्यायदंडाधिकाऱ्यांना ताब्याचा किंवा विल्हेवाटीचा अधिकारच उरत नाही. तिथे जाऊन आठवडा घालवणारे कमी नाहीत. अंतिमतः माल सरकारजमा झाला नाही तर खर्च वजा जाता विक्रीची रक्कम मालकाला मिळते. न्हावा शेवा बंदरात सीमाशुल्क खात्याने अडवलेला शीतकंटेनर असेल तर सीमाशुल्क अधिनियमाचे कलम 110(1अ): यादी, छायाचित्रे आणि नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घेऊन मग विल्हेवाट. आणि जनावरे असतील तर लिलावाचा विचारही करू नका. त्यांच्यासाठी 2017 चे स्वतंत्र नियम आहेत आणि निगा-खर्चाचा प्रश्न तिथेच सुटतो. गुटख्यासारखा मुळातच विक्रीला बंदी असलेला माल विकत नाहीत, नष्ट करतात.

दिवाणी जप्ती असेल तर काम सोपे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 नियम 43 प्रमाणे माल कुजणारा असेल किंवा सांभाळायचा खर्च किमतीपेक्षा जास्त होणार असेल, तर जप्त करणारा बेलिफच तो तिथल्या तिथे विकू शकतो. एरवी जंगम मालाला लागणारी सात दिवसांची उद्घोषणेची मुदत अशा मालाला लागत नाही. दावा चालू असेल तर आदेश 39 नियम 6. 'सांभाळायला महाग' या कल्पनेचे टोकाचे रूप पाहायचे तर मुंबई उच्च न्यायालयाने अटकेत ठेवलेली जहाजे पाहावीत: खलाशांचा पगार, जनरेटरचे इंधन, बंदराचे शुल्क रोज चढत जाते, म्हणून दावा निकाली निघण्याआधीच मुंबईच्या नगरपालांमार्फत (शेरीफ) जहाज विकले जाते आणि सगळे दावेदार त्या रकमेवर भांडतात. तत्त्व तेच, कांदा असो की जहाज.

वाहनाबाबत एक व्यवहारी गोष्ट. लिलावात घेतलेले वाहन नावावर व्हायला परिवहन कार्यालयात नमुना 32 आणि विक्री कायम केल्याचा आदेश लागतो, तोही 30 दिवसांत. म्हणून वाहनविक्रीच्या आदेशात 'खरेदीदाराच्या नावे नोंद करावी' आणि वित्त कंपनीच्या बोजाचे काय, हे लिहून घेतल्याशिवाय कोणी शहाणा बोली लावत नाही.

पैसे जमा झाल्यावर पुन्हा अर्ज करायचा तो रकमेचा. मूळ मालाच्या बदल्यात आलेली रक्कम म्हणजेच मुद्देमाल, असे नागरिक सुरक्षा संहिता मानते, त्यामुळे हक्क तसाच चालू राहतो. खरेदीदाराशी समझोता झाला असेल तर तो दाखल करून रक्कम वाटून मागा. झाला नसेल तर तेवढ्या रकमेचे बंधपत्र आणि जामीनदार देऊन अंतरिम ताबा मागता येतो. खरेदीदाराच्या आगाऊ रकमेइतका भाग ठेवीत राहू द्यायची तयारी दाखवलीत तर उरलेली रक्कम मिळायची शक्यता बरीच वाढते. नाहीतर खटल्याच्या शेवटी कलम 498 खालचा आदेश, आणि तोही अमलात यायला साधारण दोन महिने, अपील झाले तर अपील संपेपर्यंत. मुदत ठेवीच्या पावतीची नक्कल तोवर आपल्या फाइलमध्ये ठेवा आणि नूतनीकरण झाले की नाही हे वर्षातून एकदा नाझरांकडे जाऊन पाहून या.